ठशाचं कार्ड: आधी शाई आणि रंगाची जोडी जमवा

‘कोणतीही शाई घ्या, वरून कोणताही रंग भरा’ असं सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. हात चांगला असूनही ठसा उमटवून आत रंग भरलेली कार्डं बिघडतात, कारण खालची शाई आणि वरचा रंग एकमेकांशी जमत नाहीत.

कागद २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला इतक्या ग्रॅम वजनाचा), गुळगुळीत पण चकचकीत नसलेला घ्या. चकचकीत कागदात शाई मुरत नाही, बोट लागलं की पुसते. ए-४ तावाचे दोन तुकडे करून घडी घातली की १०५ बाय १४८ मिलिमीटरचं कार्ड होतं. घडीच्या जागी पट्टी धरून रिकाम्या रिफिलने आधी दाबून रेघ ओढा, म्हणजे कागद फाकत नाही.

ठसा खोडरबरावर कोरा. पेन्सिलीने काढलेलं चित्र रबरावर पालथं दाबलं की ते उलटं उतरतं आणि छापताना सुलटं येतं.

आता शाई. तान्ह्या पोळ्याला गल्लीतल्या पोरांसाठी मी लाकडी बैलांची कार्डं केली होती. ठसे उमटवले ऑफिसात वापरतात त्या जांभळ्या स्टॅम्प पॅडच्या शाईने. सुकल्यासारखे दिसले, म्हणून झुलीत जलरंगाचा पिवळा भरायला घेतला. ओला ब्रश रेघेला लागला आणि जांभळा रंग पाठीवरून पोटापर्यंत उतरला. झूल मातकट झाली. कागद बदलला, ब्रश बदलला, दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबले, तरी तेच. ती शाई पाण्यात विरघळणारी होती. अशी शाई कितीही सुकवा, पाणी लागलं की परत सुटते.

म्हणून जलरंग भरायचे असतील तर ठसा वॉटरप्रूफ शाईनेच उमटवा. स्टेशनरीच्या दुकानात बाटलीतली काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग शाई मिळते. ती स्पंजच्या तुकड्यावर थोडी घ्या आणि स्पंजने ठशावर टिपा. ठसा शाईत बुडवलात तर खाचा भरतात आणि बैलाचा डोळाच दिसत नाही.

अल्कोहोल मार्करचं, म्हणजे स्पिरिटवर बनलेल्या शाईच्या रंगीत पेनाचं, गणित उलटं आहे. स्पिरिटवर बनलेली ‘पर्मनंट’ शाई त्याखाली विरघळते, पाण्यावर बनलेली शाई मात्र बहुतेक वेळा टिकते. हे मार्कर कागदाच्या मागेही उतरतात, तेव्हा चित्र वेगळ्या तुकड्यावर रंगवून कार्डावर चिकटवा. रंगीत पेन्सिल कुठल्याही सुकलेल्या शाईवर चालते. नवशिक्याने तिच्यापासूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. हलक्या हाताने तीन-चार थर द्या. पळसाच्या फुलाला आधी पिवळा, वर केशरी, देठाजवळ लाल. पहिल्याच थराला जोर लावलात तर कागद गुळगुळीत होतो आणि पुढचा रंग धरत नाही.

बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, नवी शाई आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर तपासा. ठसा उमटवा, अर्धा तास थांबा, ओला ब्रश तीनदा फिरवा. पाणी स्वच्छ राहिलं तरच पुढे जा. ही पायरी मी अजूनही गाळत नाही.

आपल्याकडच्या हवेचंही भान ठेवा. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, पॅड उघडं राहिलं तर चार ठशांतच कोरडं पडतं, म्हणून प्रत्येक ठशानंतर झाकण लावा. आणि कूलरसमोर बसून हे काम करू नका. त्याची हवा ओली असते, कागद वाकतो आणि शाई लवकर सुकत नाही. सकाळी लवकर, कूलर बंद ठेवून बसा. पावसाळ्यात कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, पेटीत किंवा कोठीत वरच्या बाजूला ठेवा.

काम झालं की ठसा लगेच जुन्या टूथब्रशने धुवा. वॉटरप्रूफ शाई एकदा खाचेत वाळली की निघत नाही, आणि पुढच्या कार्डावर बैलाची शिंगं जाड येतात.