दूध नको, दाणे नकोत: वाढदिवसाच्या केकवर रताळ्याचं फ्रॉस्टिंग

"एगलेस आहे, मग चालेल की!" हे आमच्या सोसायटीत इतक्यांदा ऐकलंय की उत्तर पाठ झालंय. अंडं नाही म्हणजे दूध नाही असं होत नाही. उलट बिनअंड्याच्या केकात दही, कंडेन्स्ड मिल्क, लोणी यांचीच भर जास्त. माझ्या नातीला दूध आणि शेंगदाणे दोन्ही वर्ज्य, त्यामुळे तिचा केक कोथरूडला माझ्याच ओट्यावर होतो. आतल्या केकचं काही विशेष नाही. मैदा, साखर, कोको, तेल, पाणी, सोडा आणि चमचाभर व्हिनेगर, झाला. खरी गोम वरच्या थरात, म्हणजे फ्रॉस्टिंगमध्ये आहे.

दुसऱ्याच्या मुलासाठी करत असाल तर आधी त्याच्या आईला फोन करा आणि नेमकं काय चालत नाही ते विचारा. दूध पचत नसेल तर त्रास लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा असतो. ॲलर्जी असते ती दुधातल्या प्रथिनांची. म्हणून लॅक्टोज काढलेलं दूध ॲलर्जीवाल्या मुलाला चालत नाही. शेळीचंही नाही, कारण त्यातली प्रथिनं गाईच्या दुधातल्यांशी फारच मिळतीजुळती असतात. "अगं, चमचाभर साजूक तूप तरी?" असं घरातलं कुणीतरी विचारणारच. तुपातही प्रथिनांचा अंश राहू शकतो, तेव्हा तिथे भिडेखातर हो म्हणू नका. बदामाचं किंवा सोयाचं दूध वापरणार असाल तर त्यांचंही विचारा. नारळ बहुतेक मुलांना चालतो, पण तोही विचारूनच.

आता सामान. केकचं सामान विकणाऱ्या दुकानात 'नॉन-डेअरी' व्हिपिंग क्रीम मिळतं आणि लोक निर्धास्तपणे उचलतात. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. त्यात बऱ्याचदा सोडियम केसिनेट असतं आणि ते दुधाचंच प्रथिन आहे. नारळाच्या दुधाच्या पावडरीतही ते सापडतं. हिरव्या ठिपक्यावर जाऊ नका, दूध शाकाहारीच असतं. आपल्याकडे पाकिटावर दूध, अंडी, शेंगदाणे, सुकामेवा, सोया, गहू यांची सूचना छापणं बंधनकारक आहे. घटकांच्या यादीजवळच 'कंटेन्स' असं लिहिलेलं असतं. 'मे कंटेन' (म्हणजे अंश असू शकतो) दिसलं तरी मी पाकीट परत फळीवर ठेवते. सुटा कोको, केकवर भुरभुरायचे सुटे रंगीत साखरदाणे तर घेऊच नका. मोठ्या पोत्यातून छोट्या पिशवीत भरताना कुठला चमचा कुठे गेला हे दुकानदारालाही सांगता येणार नाही.

तेलाचंही तसंच. लाकडी घाण्याचं तेल कितीही चांगलं असलं तरी त्याच घाण्यावर शेंगदाणाही निघतो. या कामापुरतं बंद पिशवीतलं सूर्यफुलाचं आणा.

आणि मिक्सर! आपल्या घरातल्या चटणीच्या भांड्यात दाण्याचं कूट झालेलं नाही असं घर मला दाखवा. भांडं घासलं तरी झाकणाच्या रबराखाली आणि पात्याच्या मुळाशी कूट अडकून बसतं. रबर सुरीच्या टोकाने उचलून बघा, म्हणजे कळेल. म्हणून साखर घरी दळू नका, लेबल वाचून बंद पाकिटातली आयसिंग शुगर आणा. लाकडी उलथणंही नको, त्याच्या भेगांत काय काय मुरलेलं असतं. मी तुळशीबागेतून स्टीलचा एक डाव, चाळणी आणि पातेलं आणून वेगळ्या पिशवीत बांधून ठेवलंय.

एक किलोच्या केकला साधारण अर्धा किलो रताळी लागतात. मंडईतून लाल सालीची, मध्यम जाडीची घ्या, फार जाडी दोरे धरतात. धुऊन, मोठे तुकडे करून कुकरच्या डब्यात पाणी न घालता ठेवा आणि चार शिट्ट्या काढा. पाण्यात उकडलीत तर फ्रॉस्टिंग कायमचं ओघळतं, मग कितीही साखर ओता. गरम असतानाच सालं काढून पुरणयंत्रातून फिरवा. जाळीच्या खाली मऊ लगदा उतरतो आणि वर दोऱ्यांचा गुंता उरतो, तो सरळ टाकून द्या. लगदा कोमट असतानाच त्यात चार मोठे चमचे तेल, चिमूटभर मीठ आणि चमचाभर व्हॅनिला घाला. मग पन्नास ग्रॅम बिनसाखरेचा कोको (ड्रिंकिंग चॉकलेट नव्हे) आणि दीडशे ग्रॅम आयसिंग शुगर दोनदा चाळून थोडी थोडी मिसळा. सुरुवातीला ते शेणकाल्यासारखं दिसतं, घाबरू नका. घोटत राहिलात की पाचेक मिनिटांत तकाकी येते आणि डाव उचलला की टोक उभं राहतं. घट्ट वाटलं तर चमचाभर गरम पाणी, सैल वाटलं तर अजून कोको. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग लावा. आधी अगदी पातळ हात फिरवून चुरा बसवायचा, केक परत गार करायचा आणि मग जाड थर द्यायचा. चांदणीच्या नोझलमधून फुलंही निघतात.

मी रताळ्यावर का आले, तर आमच्याकडचा वाढदिवस मे महिन्यात. नारळाचं क्रीम दिसायला झकास, पण त्यातलं खोबरेल चोविसेक अंशांना वितळायला लागतं आणि पुण्यात तेव्हा पारा चाळिशीला टेकलेला असतो. सिंहगड रोडवरून स्कूटरवर केक नेईपर्यंत त्याची कढी होईल. डिसेंबर-जानेवारीचा वाढदिवस असेल तर खुशाल करा. नारळाच्या घट्ट दुधाचा डबा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा, वरची साय तेवढी काढून साखरेबरोबर फेटायची.

नाव लिहायला गुलाबी रंग हवाच असतो. बीट किसून पिळा. शंभर ग्रॅम आयसिंग शुगरमध्ये तो रस चमचा-चमचा घाला, तीन-चार छोटे चमचे पुरतात. वर लिंबाचे दोन थेंब. कोन मात्र बटर पेपरचा करा. आपल्याकडे दुधाची रिकामी पिशवी धुऊन कोन करायची सवय आहे, आज ती पिशवी लांब ठेवा.

समारंभात केकपेक्षा आजूबाजूचं जास्त सांभाळावं लागतं. औक्षणाच्या ताटात पेढ्याऐवजी गुळाचा खडा ठेवा. चिवड्याची ताटली दुसऱ्या टोकाला, आणि पाहुण्या मुलांचे हात आधी धुऊन घ्या. दुसरा केक आला असेल तर सुरी वेगळी. मी डब्यावर चिठ्ठी चिकटवते: "या केकला दुसऱ्या केकची सुरी लावू नये. लावल्यास केक तुम्हीच न्यावा." आजवर कुणी नेलेला नाही. पण "इतकंसं चाटू दे, काय होतंय" म्हणणारे असतात, त्यांना तिथेच थांबवा. डॉक्टरांनी दिलेली औषधं हाताशी ठेवा. ओठ सुजले, अंगावर गांध्या आल्या, श्वास अडकायला लागला तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

फ्रॉस्टिंग झाकून फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतं. त्यात रताळं आहे हे केक कापून होईपर्यंत पोरांना सांगू नका, आणि त्यांच्या बाबांना तर मुळीच नाही.