ओव्हनमध्ये कोणतं भांडं चालतं, कोणतं फुटतं

ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या घरगुती ओव्हनमध्ये, भांडं ठेवण्याआधी ते उलटं करून तळ बघा. ओव्हनची खूण किंवा अंशांचा आकडा असेल तर उत्तमच. नसेल तर भांडं कशाचं आहे त्यावरून ठरवायचं.

रोजच्या कामाला साधा, जाड पत्र्याचा ॲल्युमिनियमचा डबा सगळ्यात बरा. तो लवकर आणि सगळीकडून सारखा तापतो. जळगाव-रावेरकडे घरात काळी पडलेली केळी उरतातच. त्यांच्या केकला ७ इंची गोल डबा घ्या, मिश्रण दोन-तृतीयांशापर्यंतच भरा आणि १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं ठेवा. काठोकाठ भरलं तर मिश्रण उतू जाऊन खालच्या तापलेल्या रॉडवर पडतं आणि घरभर धूर होतो. डबा ओव्हनच्या भिंतीला टेकवू नका. चारी बाजूंनी दोन बोटं जागा ठेवली तर गरम हवा फिरते. चिंच, टोमॅटो, दही घातलेलं काही मात्र उघड्या ॲल्युमिनियममध्ये भाजू नका. आंबटपणा धातूला लागतो, चव बिघडते आणि डबाही काळवंडतो.

काळं नॉनस्टिक उष्णता जास्त ओढून घेतं. पाककृतीत १८० लिहिलं असेल तर १६५-१७० ठेवा आणि पाच-सात मिनिटं आधीच बघा, नाहीतर बूड करपतं आणि मध्य कच्चा राहतो. नॉनस्टिकचा लेप साधारण २६० अंशांच्या पुढे खराब व्हायला लागतो, म्हणून रिकामं भांडं तापवत ठेवू नका आणि वरचा रॉड लाल करून ग्रिल करताना ते वापरूच नका. अतितापलेल्या लेपाची वाफ पिंजऱ्यातल्या पोपटाच्या जिवावर उठते. घरात पक्षी असेल तर हे हलक्यात घेऊ नका.

काचेच्या भांड्याला सगळ्यात जास्त जपावं लागतं. बोरोसिलिकेट काच ओव्हनची उष्णता सहन करते, पण एकदम बदललेलं तापमान तिलाही झेपत नाही. फ्रिजमधून काढलेलं भांडं अर्धा तास बाहेर राहू द्या, मगच तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवा. खरा घात होतो तो बाहेर काढताना. आपल्याकडे ओटा कडप्प्याचा, नुकताच पुसलेला, ओलसर. त्यावर गरम काच टेकवली की तडा जातो, कधी भांड्याचे तुकडेच होतात. आधी ओट्यावर लाकडी पाट किंवा कोरडं जाड फडकं पसरून ठेवा. पदार्थ कोरडा वाटला तरी गरम काचेत गार पाणी ओतू नका. आणि काठाला टवका उडालेलं किंवा खोल ओरखडा पडलेलं भांडं ओव्हनसाठी कायमचं बाद करा. तडा तिथूनच सुरू होतो.

स्टीलची पातळ थाळी २०० अंशांच्या वर ‘टण्ण’ आवाज करून वाकते. बट्टी तळण्याऐवजी भाजायची असेल तर गोळे जाड ट्रेवर ठेवा, ट्रे मधल्या कप्प्यात सरकवा आणि २०० अंशांवर अर्ध्या वेळाने गोळे उलटा. खालच्या कप्प्यात रॉड जवळ येतो आणि बूड जळतं.

भरताचं वांगं जाळीवर थेट ठेवू नका, त्याचं पाणी रॉडवर गळतं. काट्याने आठ-दहा ठिकाणी टोचून, तेलाचा हात लावून ट्रेवर ठेवा. न टोचलेलं वांगं आतल्या वाफेने फुटतं. मोठ्या हिरव्या वांग्याला २२० अंशांवर ४० मिनिटं तरी लागतात, मध्ये एकदा फिरवायचं. पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर, भाजल्याची धुरकट चव याला येत नाही, हे मान्यच.

मातीचं भांडं पूर्ण कोरडं हवं. ते थंड ओव्हनमध्ये ठेवून मगच ओव्हन सुरू करा. आत ओल राहिली तर वाफ होऊन तडकतं.

सिलिकॉनचे साचे मऊ असतात, म्हणून खाली धातूचा ट्रे घ्या. रॉडला ते लागू देऊ नका. मेलामाईन, प्लॅस्टिक आणि प्लॅस्टिकच्या मुठीची झाकणं आत नकोतच. मायक्रोवेव्हमध्ये धातूचा डबा फक्त कन्व्हेक्शनवर (गरम हवेच्या मोडवर), सोबत आलेल्या स्टँडवर ठेवा. मायक्रो मोड लागला तर ठिणग्या उडतात. बेकिंग पेपरचे डब्याबाहेर आलेले कोपरे कापून टाका, रॉडला लागले की पेटतात.

भांडं काढायचं फडकं कोरडंच हवं. ओल्या फडक्यातलं पाणी गरम काठाला लागताच वाफ होते, हात भाजतो आणि भांडं सुटतं.