ठसका, ताप आणि न वाढणारं वजन: विशेष मुलांना भरवताना या चुका टाळा

आमच्या घरात चांदीचं बोंडलं आहे. माझ्या नवऱ्याला त्यातूनच दूध पाजलेलं, म्हणून आमच्या मुलालाही त्यातूनच पाजायचं ठरलं. त्याला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं, आहे हे तेव्हा माहीत नव्हतं. बाळाला मांडीवर आडवं घ्यायचं, मान हातावर मागे टाकायची, बोंडल्याची चोच ओठाच्या कोपऱ्याला लावून तिरपं करायचं. दूध आपोआप आत जातं. मुलाची गिळायची तयारी नसली तरी जातं, आणि तीच त्यातली गोम. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात त्याला दोनदा न्यूमोनिया झाला. आम्ही दोष दिला ओल धरलेल्या भिंतीला आणि सिंहगड रस्त्यावरच्या धुळीला.

आता तो आठ वर्षांचा आहे. खालच्या चुकांपैकी बहुतेक आम्ही स्वतः केल्यात. बाकीच्या थेरपीच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या आयांनी सांगितलेल्या.

आडवं घेऊन, मान मागे टाकून भरवणं

सगळ्यात आधी हे थांबवा. मान मागे गेली की श्वासनलिका नीट झाकली जात नाही आणि घास गिळायच्या आधीच घशात ओघळतो. नाक दाबून, रडत असताना तोंडात चमचा सारणं ही त्याचीच भावंडं. मूल रडताना मोठा श्वास आत घेतं, त्याबरोबर घासही आत ओढला जातो.

बसवायचं कसं, तर कंबर, गुडघे आणि घोटे तिन्ही साधारण काटकोनात, डोकं मधोमध, हनुवटी किंचित छातीकडे आणि पाय कशावर तरी टेकलेले. पाय लोंबकळत असले की मूल अख्खं अंग ताठ करतं आणि जबडाही आवळतो. यासाठी हजारो रुपयांची खुर्ची पहिल्या दिवशीच लागत नाही. आम्ही प्लॅस्टिकच्या छोट्या खुर्चीत दोन्ही कुशींना टॉवेलच्या गुंडाळ्या लावल्या आणि पायाखाली पाट घेतला. तो देवघरातला पाट निघाला. सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला, मग स्वतःच मापाचा दुसरा पाट करून आणला.

भरवणाऱ्यानेही समोर आणि खाली बसायचं. आपण उभे राहिलो की चमचा वरून येतो, मूल वर बघतं आणि मान पुन्हा मागे. चमचा उथळ घ्या, समोरून सरळ आत न्या, जिभेवर हलका टेकवा आणि ओठ मिटायची वाट बघा. वरच्या दातांवर घास खरवडून काढला तर त्याचे ओठ काम करायला कधी शिकणार? जेवल्यावर अर्धा तास तरी आडवं करू नका.

ठसका लागत नाही, म्हणजे सगळं ठीक

ही समजूत आमची सगळ्यात महागात पडली. काही मुलांचं अन्न श्वासनलिकेत जातं आणि खोकलाही येत नाही. जेवताना किंवा जेवल्यावर गळ्यातून ओलसर घुरघुर ऐकू येणं, डोळ्यांत पाणी येणं, चेहऱ्याचा रंग बदलणं, श्वास भरभर चालणं, पुन्हा पुन्हा छाती भरणं किंवा कारण न सापडणारा ताप, यातलं काही दिसलं की डॉक्टरांना ‘गिळण्याची तपासणी करायची का?’ असं स्पष्ट विचारा. व्हिडिओफ्लुरोस्कोपी नावाच्या तपासणीत बेरियम मिसळलेलं अन्न भरवत एक्स-रेवर गिळणं बघतात. घास कुठे जातोय ते पडद्यावर दिसतं.

ठसका लागला की पाणी पाजणं, आणि सगळंच पातळ करणं

ठसका लागला की आपला हात आधी तांब्याकडे जातो. पण गिळायला अवघड असणाऱ्या मुलाला पाणीच सगळ्यात कठीण, कारण ते सर्रकन घशाशी पोहोचतं. आधी भरवणं थांबवा, त्याला पुढे झुकून खोकू द्या. मुलाला खोकता, रडता येत नसेल, श्वास अडकला असेल, तर मात्र ती आणीबाणी आहे. लहान मुलाची घशातली अडकण कशी काढायची, ते घरातल्या प्रत्येकाने डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून ठेवावं.

पाण्याखालोखाल अवघड म्हणजे पातळ आणि घट्ट एकत्र असलेले पदार्थ: पातळ वरणातली शितं, दुधातले पोहे, सांबारात बुडवलेली इडली, संत्र्याची फोड. तोंडात एकाच वेळी दोन कामं येतात. पाणी पुढे पळतं, शितं मागे राहतात. आजीच्या लेखी हे सगळं ‘मऊच’ असतं, त्यामुळे इथे वाद होतात.

अन्नाचा दाटपणा मोजायची जगभर एक पद्धत आहे, आयडीडीएसआय. तिच्यात पाण्यापासून नेहमीच्या जेवणापर्यंत ० ते ७ पायऱ्या आहेत. आपलं मूल कुठल्या पायरीवर आहे हे गिळण्याचं काम करणारा स्पीच थेरपिस्ट ठरवतो. एकदा ते ठरलं की स्वयंपाकघरात चमच्याची परीक्षा पुरते. चौथ्या पायरीचं, म्हणजे गुळगुळीत वाटलेलं अन्न चमच्यावर आकार धरून राहायला हवं आणि चमचा तिरका केला की गोळा एकदम सुटून पडायला हवा. ओघळला तर पातळ, चिकटून बसला तर फार चिकट. पाणी दाट करायची पावडर मात्र मनाने सुरू करू नका.

आता पातळ करण्याची दुसरी बाजू. वाटीभर मऊ भातात वाटीभर पाणी घालून मिक्सर फिरवला की वाट्या दोन होतात, अन्न एकाचंच राहतं आणि पोट तर एका वाटीत भरतं. डाळीचं पाणी, भाताची पेज, दुधात कालवलेलं बिस्किट यावर वर्षानुवर्षं काढलेली मुलं मी बघितलीत. डाळीची ताकद डाळीत असते, वरच्या पाण्यात फार थोडी उतरते. तेव्हा पातळ करायचंच तर दुधाने, दह्याने किंवा घट्ट वरणाने करा. साजूक तुपाचा एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिलि, ४० ते ४५ किलोकॅलरी देतो आणि घास सैलही करतो. शेंगदाण्याचं कूट पिठासारखं बारीक करून भातात मिसळलं तर चालतं. अख्खा दाणा कधीच नको.

किती द्यायचं? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या तक्त्यात ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला १३६० किलोकॅलरी आहेत, पण तो आकडा चालत्या-पळत्या मुलाचा. आमच्यासारखं न चालणारं मूल कमी खर्च करतं, तर ज्याचे हातपाय सतत आपोआप हलत असतात ते जास्त. म्हणून तक्ता भिंतीला लावू नका, आहारतज्ज्ञाकडून आपल्या मुलाचं गणित करून घ्या.

दीड तास जेवण

एक वेळचं जेवण अर्ध्या तासापुढे नेऊ नका. त्यानंतर मूल थकतं, थकलेलं मूल नीट गिळत नाही आणि खाल्लेलं त्या खटपटीतच जातं. त्यापेक्षा पाच-सहा लहान जेवणं बरी. रोजच अर्ध्या तासात पुरेसं जात नसेल तर ती स्वतःच एक तक्रार आहे, डॉक्टरांना सांगण्याजोगी.

डोशात पनीर लपवणं

हे स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांच्या घरचं. बाकावरच्या एका मैत्रिणीची मुलगी फक्त कडक, पांढरा डोसा खायची. आईने पिठात पनीर कुस्करून घातलं. मुलीने पहिल्या घासाला ओळखलं आणि डोसाही सोडला. खात्रीचा एकुलता एक पदार्थ गेला. मग थेरपिस्टने उलटी वाट धरली: डोसा, शेजारी बोटभर घावन, नुसतं ताटात. वास घेतला तरी पुरे. काही आठवड्यांनी घावन, मग फिकं मुगाचं धिरडं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, रंग नाहीतर कडकपणा नाहीतर आकार. दहा-पंधरा वेळा नाकारलेला पदार्थही पुढे खाल्ला जाऊ शकतो. ‘उपाशी राहिली की खाईल’ हा सल्ला इथे चालत नाही. काही मुलं खरोखर उपाशी राहतात.

गहू आणि दूध बंद केल्याने स्वमग्नता सुधारते, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्याला भक्कम पुरावा नाही, आणि आधीच चार पदार्थ खाणाऱ्या मुलाचे दोन गेले तर कॅल्शियम कुठून आणायचं? मूल माती किंवा भिंतीचे पोपडे खात असेल तर रागावण्याआधी रक्तातलं लोह आणि शिसं तपासून घ्या.

औषध, पोट आणि वजनकाटा

औषध जेवणात लपवलं की मुलाला जेवणच कडू वाटायला लागतं. शिवाय फिटच्या काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात, त्या कुटायच्या नसतात. केमिस्टला विचारा. यातली काही औषधं दीर्घकाळ घेतली की ड जीवनसत्त्व कमी होतं, काहींनी भूक मरते. बद्धकोष्ठतेनेही मरते. अशा वेळी पाणी न वाढवता इसबगोल देऊ नका. ते घशात फुगतं, म्हणून गिळायला त्रास असलेल्या मुलाला विचारल्याशिवाय नकोच.

‘उभं राहत नाही तर वजन कसं करणार’ म्हणून आम्ही दोन वर्षं वजनच केलं नाही. साधी युक्ती होती: त्याला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. उंची मोजता येत नसेल तर गुडघ्यापासून टाचेपर्यंतच्या मापावरून अंदाज काढतात. एका दवाखान्यात आम्हाला ‘अशी मुलं बारीकच असतात’ म्हणून वाटेला लावलं होतं. बारीक असणं आणि उपासमार यातला फरक कोणी मोजलाच नव्हता. डाऊन सिंड्रोमच्या मुलांचं बरेचदा उलटं, वजन भराभर वाढतं. त्यांची थायरॉइडची तपासणी नियमित हवी आणि त्यांच्यासाठी वाढीचे वेगळे तक्तेही आहेत.

जायचं कुठे? पुण्यात केईएम रुग्णालयाचं टीडीएच-मॉरिस बालविकास केंद्र आहे. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांत तपासणी होते आणि तिथून पुढे शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे लहान वयातच उपचार आणि थेरपी सुरू करणाऱ्या केंद्राकडे, पाठवतात. राष्ट्रीय न्यास ही अशा मुलांसाठीची केंद्र सरकारची संस्था, तिच्या निरामय विम्यात वर्षाला १ लाखापर्यंतचा खर्च मिळतो, त्यात थेरपीही येते. वेळ घेताना फोनवर एकच विचारा: ‘तुमच्याकडचे स्पीच थेरपिस्ट गिळण्यावर काम करतात का?’ सगळे करत नाहीत.

गेल्या वर्षी आमच्यापुढे पोटातल्या नळीचा, म्हणजे तोंडाऐवजी थेट पोटात अन्न सोडण्याचा, विषय आला. मी चार महिने टाळला. नळी म्हणजे मी आई म्हणून नापास, असंच वाटत होतं. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, पोट त्याचं आहे ना?’ आता त्याची औषधं आणि बरंचसं दूध नळीतून जातं. दुपारी, डॉक्टरांच्या परवानगीने, पाटावर पाय टेकवून तो दाटसर मेतकूट-भाताचे सहा-सात चमचे खातो. मेतकूट जास्त झालं की तोंड फिरवतो.