एसजीपीटी नॉर्मल आला म्हणून निर्धास्त? या चुका टाळा

गटारीला दणकून बसलेला माणूस श्रावण पाळतो आणि श्रावण संपता संपता आमच्या परळच्या लॅबमध्ये एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, करायला येतो. रिपोर्ट हातात पडताच काउंटरवरच विचारतो, "नॉर्मल आहे ना?" बहुतेकदा असतोही. गोची तिथेच आहे.

दारू महिनाभर थांबली की एसजीओटी, जीजीटी ही एसजीपीटीसारखीच लिव्हरमधली एन्झाइम्स खाली येतात. हे आकडे लिव्हरची सध्याची कुरकुर सांगतात. आत वण किती साचलेत, म्हणजे फायब्रोसिस किती, ते सांगत नाहीत. वण श्रावणात विरघळत नाहीत.

समजा, वय 52, एसजीओटी 38, एसजीपीटी 25, प्लेटलेट 1.6 लाख. रिपोर्टमध्ये एकही आकडा ठळक छापलेला नाही. आता फिब-4, म्हणजे याच आकड्यांवरून वणांचा अंदाज देणारा आकडा, काढा. वय गुणिले एसजीओटी झाले 1976. एसजीपीटीचं वर्गमूळ 5, त्याला प्लेटलेटने गुणलं की 800. भागाकार 2.47. हा आकडा 1.3च्या खाली असता तर गंभीर वण नसण्याचीच शक्यता जास्त होती. वर असेल तर पुढची तपासणी हवी. (प्लेटलेट 1.6 नाही, हजारांत म्हणजे 160 धरायचे. मोबाइलवर हिशेब करणारे हमखास इथे चुकतात.) पस्तिशीच्या आत हे सूत्र भरवशाचं नाही आणि पासष्टीनंतर 1.3ऐवजी 2 धरतात.

उलटी चूक पावसाळ्यातली. डेंग्यूत प्लेटलेट कोसळतात, एसजीओटी चढतो आणि फिब-4 उगाच फुगतो. ताप उतरून प्लेटलेट सावरेपर्यंत थांबा.

पुढची तपासणी म्हणजे फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारं स्कॅन) किंवा ईएलएफ. ईएलएफ रक्ताचीच, पण ती वण तयार होतानाचे तीन पदार्थ मोजते, 10.5च्या वर आकडा गेला तर वण बरेच पुढे गेल्याची शंका घेतात. फायब्रोस्कॅनला तीन तास उपाशीपोटी जायचं. आदल्या दिवसांत भरपूर पिणं झालं असेल तर सुजेमुळे लिव्हर आहे त्याहून कडक दिसतं.

आणि हो, डॉक्टरांनी विचारलं की "कधीमधी" म्हणू नका. बायको शेजारी बसलेली असते, कळतं. तिला दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगा, पण आठवड्याला किती क्वार्टर होतात तो खरा आकडा द्या. "कधीमधी" ऐकल्यावर फिब-4चा हिशेब कोण कशाला मांडेल?