स्टार्टर गेलाच नव्हता!

2011 ची सेकंडहँड गाडी घेतली आणि पहिल्याच पावसाळ्यात किल्ली फिरवली की नुसतं टक टक, इंजिन फिरेचना. गॅरेजवाला म्हणे स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर) बदला. म्हटलं थांब जरा. मल्टीमीटरवर (व्होल्ट मोजायचं यंत्र) बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे फुल चार्ज. मग बायकोला किल्ली फिरवायला बसवलं आणि मीटरची एक पिन बॅटरीच्या टर्मिनलवर, दुसरी त्याच्याच क्लॅम्पवर (टर्मिनलला वायर घट्ट धरणारी पकड) धरली तर तिथेच 3 व्होल्ट गायब, म्हणजे स्टार्टरपर्यंत पुरेसे पोचतच नव्हते! क्लॅम्प उघडला तर आत हिरवट-पांढरा चुरा. आधी निगेटिव्ह वायर काढायची (लावताना शेवटी, नाहीतर पाना बॉडीला टेकला की ठिणग्या), मग गरम पाण्यात खायचा सोडा, जुना टूथब्रश, पॉलिश पेपर, वरून व्हॅसलिन. 10 नंबरचा पाना शेजारच्या काकांचा, अजून परत द्यायचाय. गाडी मात्र एका सेल्फमध्ये चालू.