नव्या नोडला पहिला पत्ता: डीएनएस सीडर बसवताना

बिटकॉइनचा नवा नोड, म्हणजे त्याच्या जाळ्यात सामील होणारा संगणक, पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा त्याला कुणाचाच पत्ता माहीत नसतो. अनोळखी गावात रात्री एसटीतून उतरलं की फाट्यावरच्या टपरीवाल्याला विचारतो, तसं त्यालाही कुणाला तरी विचारावंच लागतं. सुरुवातीच्या काळात नोड आयआरसी या चॅट-सेवेच्या चॅनेलवर एकमेकांना गाठायचे, २०११ मध्ये डीएनएस सीड आले. डीएनएस म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणारी व्यवस्था; सीड म्हणजे तिच्यातलं असं नाव, जे विचारलं की चालू नोडांचे पत्ते मिळतात. मी भाड्याच्या एका व्हीपीएसवर (आभासी सर्व्हरवर) ही उत्तरं देणारा प्रोग्राम, म्हणजे सीडर, चालवते. तो बसवताना माझे तीन दिवस गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सगळं लिहिते आहे.

मी वापरते तो पीटर वुइल यांचा बिटकॉइन-सीडर. त्याची कामं दोन. जाळ्यात सतत फिरून नोड तपासायचे आणि कुणी विचारलं की चांगल्या नोडांचे आयपी द्यायचे. ‘चांगला’ कोण याचं मोजमाप कडक आहे. दोन तासांच्या हिशेबात ८५ टक्क्यांहून जास्त विश्वासार्हता लागते. महिनाभराच्या हिशेबात मात्र ३५ टक्क्यांच्या वर असलं तरी चालतं, कारण तेवढा काळ टिकून राहणं हीच मोठी गोष्ट. ए रेकॉर्डमध्ये (नावापुढे आयपी सांगणाऱ्या डीएनएसच्या नोंदीत) पोर्ट लिहायला जागाच नसते, त्यामुळे ८३३३ या बिटकॉइनच्या नेहमीच्या पोर्टवर ऐकणारे नोडच यादीत येतात.

आता डोमेनच्या झोनकडे, म्हणजे त्याच्या डीएनएस नोंदींच्या यादीकडे, वळू. इथेच बहुतेकांचं अडतं. दोन नोंदी करायच्या. पहिली ए रेकॉर्डची: ‘व्हीपीएस’ या नावाला सर्व्हरचा आयपी. दुसरी एनएस रेकॉर्डची: ‘सीड’ या नावासाठी नेमसर्व्हर (उत्तर देणारा डीएनएस सर्व्हर) म्हणून त्या व्हीपीएसचं पूर्ण नाव. म्हणजे ‘सीड’बद्दल कुणीही विचारलं की डोमेनचा नेमसर्व्हर म्हणतो, ‘मला नका विचारू, व्हीपीएसला विचारा.’ एनएसमध्ये आयपी लिहायचा नाही, नावच लिहायचं, आणि ते नाव सीनेमचं (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारं टोपणनाव) नसावं. पॅनेलमध्ये प्रॉक्सीचं बटण असेल तर व्हीपीएसच्या नोंदीसाठी ते बंद ठेवा.

झोन फाइल हाताने लिहीत असाल तर नावाच्या शेवटचा टिंब विसरू नका. मी विसरले होते. टिंब नसला की झोनचं नाव पुन्हा मागे जोडलं जातं आणि अस्तित्वात नसलेलाच नेमसर्व्हर तयार होतो. चूक दुरुस्त केल्यावरही कितीतरी वेळ तेच जुनं उत्तर येत राहिलं, कारण रिझॉल्व्हर, म्हणजे आपल्या वतीने डीएनएसला विचारणारे सर्व्हर, ‘असं नाव नाही’ हे उत्तरसुद्धा कॅशमध्ये ठेवतात. त्यामुळे झोन बदलला की आधी ‘डिग’ या डीएनएसला विचारण्याच्या कमांडने थेट त्या झोनच्या नेमसर्व्हरलाच विचारा, नेहमीच्या रिझॉल्व्हरला नंतर.

कंपाइल करणं सोपं आहे. कंपायलर, बूस्ट आणि ओपनएसएसएलच्या लायब्ररी टाका आणि मेक चालवा. सुरू करताना तीन गोष्टी द्यायच्या: एच पर्यायाला सीडचं नाव, एनला व्हीपीएसचं नाव आणि एमला तुमचा ईमेल, ॲटच्या जागी टिंब घालून. ईमेल दिला नाही तर एसओए रेकॉर्ड (झोनची मूळ माहिती देणारी नोंद) मिळत नाही.

डीएनएसच्या पोर्ट ५३ साठी हा प्रोग्राम रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवू नका. जगभरातून कुणीही पाकिटं पाठवू शकेल अशा प्रोग्रामला रूटचे अधिकार देणं मला पटत नाही. पी पर्यायाने तो ५३५३ वर चालवा आणि आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉल-साधनाच्या प्रीराउटिंगमध्ये (बाहेरून पाकीट आत येतानाच्या टप्प्यात) यूडीपी (डीएनएसचे प्रश्न ज्या पद्धतीने येतात ती) ५३ ची वाहतूक ५३५३ कडे वळवा. हे वळण फायरवॉलच्या तपासणीआधी लागतं, म्हणून सर्व्हरवरच्या फायरवॉलमध्ये ५३५३ उघडायचं आणि होस्टिंगच्या पॅनेलमधल्या फायरवॉलमध्ये ५३. दोन्हीकडे यूडीपी. हे कळेपर्यंत माझी अख्खी रात्र गेली. नियम जतन करून ठेवा, नाहीतर रीबूट झाला की सीड गप्प.

चाचणी घरच्या मशीनवरून करा. सर्व्हरवर बसून स्वतःलाच ५३ वर विचारलंत तर ती वाहतूक प्रीराउटिंगमधून जातच नाही आणि सगळं ठीक असूनही उत्तर येत नाही. आधी ‘डिग’मध्ये ॲट लावून सर्व्हरच्या आयपीला थेट विचारा, मग ट्रेस पर्यायाने मुळापासूनची साखळी पाहा. पहिली काही मिनिटं यादी रिकामी दिसली तर घाबरू नका, शोध चालू असतो. ‘एक्स९’ हा उपसर्ग लावूनही विचारून पाहा. पूर्ण नोडचा १ आणि सेगविट (व्यवहारांची नवी मांडणी) समजणाऱ्या नोडचा ८, मिळून ९. बिटकॉइन कोअर, म्हणजे नोड चालवण्याचं मुख्य सॉफ्टवेअर, याच उपसर्गाने विचारतो. मिळालेल्यातले चार-पाच आयपी घेऊन ८३३३ वर नेटकॅट या कमांडने जोडणी लागते का बघा.

कोअरच्या सीड-धोरणातल्या काही अटी मी पहिल्या दिवसापासून पाळते. नोड निःपक्षपातीपणे निवडलेले आणि चालू असलेलेच हवेत, टीटीएल (उत्तर कॅशमध्ये किती वेळ राहील तो काळ) किमान एक मिनिट हवा, संपर्काचा ईमेल जाहीर हवा. कोणी काय विचारलं याच्या नोंदी गरजेपेक्षा जास्त काळ ठेवायच्या नाहीत आणि कुणाला द्यायच्याही नाहीत. नवा नोड आपल्या शब्दावर विसंबून पहिली ओळख करून घेतो, त्याचा माग आपणच ठेवणं मला गैर वाटतं.

कोअर वापरतो त्या सीडांची नावं त्याच्या कोडमध्येच लिहिलेली असतात, त्यामुळे तुमचा सीड कुणी आपोआप विचारणार नाही. ओळखीच्यांना कॉन्फिग फाइलमध्ये ॲडनोडपुढे सीडचं नाव लिहायला सांगा. माझ्याकडे सुरुवात अशीच, तीन मित्रांच्या नोडांपासून झाली.