उरलेला रंग आणि आमचा माळा

दिवाळीआधी घर रंगवलं. हॉलचं इमल्शन (भिंतींचा पाण्यात मिसळणारा रंग) दीडेक लिटर उरलं, ग्रिलचा ऑइल पेंट पाव डबा आणि तो पातळ करायच्या, पटकन पेट घेणाऱ्या थिनरची अर्धी बाटली. सगळं किचनच्या माळ्यावर ढकललं. मे महिन्यात टचअपसाठी इमल्शनचा डबा उघडला तर वर जाड साय, झाकणाला गंज, आणि माळाभर थिनरचा वास. बरोब्बर खाली गॅसची शेगडी! (सासूबाईंनी तेव्हाच टोकलं होतं.)

साय ढवळली नाही, सुरीने कडेने सोडवून अख्खी उचलली. खालचा रंग जुन्या ओढणीतून गाळून छोट्या बरणीत काठोकाठ भरला. आत हवा कमी, तर साय कमी. तोंडावर प्लास्टिकचा कागद, वर घट्ट झाकण. बरणीवर शेड नंबर, खोली आणि तारीख लिहून चिकटपट्टी लावली. ऑइल पेंटच्या डब्याची खाच पुसली, झाकणावर लाकडी फळी ठेवून ठोकलं. नुसती हातोडी मारली की झाकण वाकतं. डबा आता पॅसेजमधल्या कुलपाच्या कपाटात आहे, मुलांच्या हातापासून लांब.

थिनर मात्र घरात ठेवलाच नाही. शेजारी ग्रिल रंगवणाऱ्या पेंटरला दिला, त्याने खुशीत नेला.